सोलर शेवटी

"साहेब, सोलर बसवायचंय. किती किलोवॅट लागंल?"

छोट्या कारखानदारांचे मला येणारे बहुतेक फोन असेच सुरू होतात. हाही तसाच होता. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतली एक शेड. चार लेथ, दोन ड्रिलिंग मशिनं, एक ग्राइंडर, कोपऱ्यात दहा हॉर्सपॉवरचा कंप्रेसर, आणि मालक धरून नऊ माणसं. मी पोचलो तेव्हा जेवणाची सुट्टी झाली होती. मशिनं बंद, माणसं डबे उघडून बसलेली, आणि तरीही शेडभर एक बारीक सुस्कार ऐकू येत होता. थोड्या थोड्या वेळाने कंप्रेसर लोडवर जायचा, टाकी भरायचा, थांबायचा. काम कोणाचंच चालू नव्हतं. मग ही हवा वापरत कोण होतं?

हेल्परला विचारलं. तो म्हणाला, "त्यो आवाज रोजचाच हाय."

साबणाचं पाणी आणि रंगाचा जुना ब्रश घेऊन आम्ही पाइपलाइन पाहत फिरलो. जिथे फेस फुगतो तिथे गळती. अकरा ठिकाणं निघाली: क्लॅम्प सैल झालेल्या नळ्या, झिजलेली कपलिंगं आणि एक ड्रेन कॉक, जो पाणी साचतं म्हणून कोणीतरी किंचित उघडाच ठेवला होता. मग घड्याळ लावलं. सगळी मशिनं बंद असताना कंप्रेसर दीड मिनिट लोडवर चालत होता आणि साडेतीन मिनिटं विसावत होता. पाच मिनिटांतली दीड मिनिटं, म्हणजे तीस टक्के. कंप्रेसर जेवढी हवा तयार करू शकतो, तिच्यातली तीस टक्के सरळ आढ्याला जात होती.

याचे पैसे करून पाहू. दहा हॉर्सपॉवर म्हणजे साधारण साडेसात किलोवॅट. रोज आठ तास, वर्षाचे तीनशे दिवस धरले तर अठरा हजार युनिट होतात. त्यातले तीस टक्के म्हणजे ५,४०० युनिट. युनिटला आठ रुपये धरले तरी वर्षाला ४३ हजार रुपये. दुरुस्तीचा खर्च आला दोन हजारांच्या आत, आणि त्यातही निम्मी मजुरी.

आपल्या ग्रीडवरचं एक युनिट तयार होताना सरासरी पाऊण किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे त्या अकरा फटींमागे वर्षाला चार टनांच्या घरात धूर होता, दूर कुठल्या तरी औष्णिक केंद्राच्या चिमणीतून निघणारा. मालकाला मी हा हिशेब शेवटी सांगितला. आधी ४३ हजारांचा सांगितला.

लेखाचा मुद्दा एवढाच आहे, बाकी सगळा तपशील. 'पर्यावरणपूरक उद्योग' म्हटलं की छोट्या व्यावसायिकाच्या डोळ्यांपुढे दोन गोष्टी येतात, खर्च आणि इन्स्पेक्टर. म्हणून तो एक तर विषय टाळतो किंवा छतावर दिसेल असं काहीतरी एकदम मोठं करून मोकळा होतो. मी म्हणतो, पहिलं वर्षभर तो शब्दच विसरा. आपण पैसे देऊन विकत घेतलेली कोणती गोष्ट गिऱ्हाइकापर्यंत न पोचता हवेत, गटारात किंवा भंगारात जाते, तेवढं शोधा. वीज, गॅस, पाणी, तेल, कच्चा माल. गळतीचा पैसा हाती आला की पुढची पावलं त्यातूनच टाकता येतात.

हा क्रम आपल्याकडे तर फारच महत्त्वाचा. ज्याला पगाराच्या तारखेला ओव्हरड्राफ्टकडे बघावं लागतं, ज्याची शेड भाड्याची आहे आणि ज्याचं बिल मोठी कंपनी तीन तीन महिने अडकवते, त्याला 'सात वर्षांत पैसे वसूल होतात' हे सांगून उपयोग नाही. माझा ठोकताळा असा: सहा महिन्यांत पैसे परत देणारं काम आजच, खिशातून करा. दोन वर्षांत परत देणारं काम जुनी वस्तू मोडेल तेव्हा करा. त्याहून लांबचं असेल तर कर्ज आणि योजना पाहून, पहिल्या दोन्ही पायऱ्या झाल्यावर.

आधी बिल वाचा

मी गेल्या गेल्या बारा महिन्यांची वीजबिलं मागतो. बहुतेकांकडे ती असतात, पण वाचलेली नसतात. भरायची रक्कम आणि शेवटची तारीख, यापलीकडे नजर जात नाही.

वीज आकार, वहन आकार, स्थिर किंवा मागणी आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क अशा ओळी बिलावर असतात. यातली पहिली गोष्ट पाहायची ती मंजूर भार आणि प्रत्यक्ष मागणी. दोन मशिनं कधीच विकून टाकली, पण भार तोच राहिला, असं सर्रास दिसतं. न वापरलेल्या भाराचे पैसे दरमहा जातात आणि एका अर्जाने ते थांबू शकतात. दुसरी गोष्ट पॉवर फॅक्टर. तो घसरला असेल तर कपॅसिटर तपासा. पॅनेलमध्ये कपॅसिटर 'आहेत' आणि ते 'चालू आहेत' यात फरक आहे. फुगलेले, मेलेले कपॅसिटर वर्षानुवर्षं तसेच टांगलेले मी पाहिले आहेत. चांगला वायरमन क्लॅम्प मीटर लावून दहा मिनिटांत सांगतो.

तिसरी गोष्ट वेळेची. केंद्राच्या २०२३ च्या नियमांनी दहा किलोवॅटपेक्षा जास्त मागणी असलेल्या औद्योगिक आणि व्यापारी ग्राहकांना दिवसातल्या वेळेनुसार वेगळा दर लावण्याची दिशा ठरवून दिली: ऊन असतानाच्या तासांत स्वस्त, गर्दीच्या तासांत महाग. वर्षानुवर्षं आपल्याकडे 'रात्री वीज स्वस्त' हे डोक्यात पक्कं बसलं आहे. ते आता उलटतं आहे. तुमच्या बिलावर वेळेचे टप्पे आणि त्यांपुढचा अधिक-उणा दर काय छापला आहे ते पाहा, आणि भट्टी, चार्जिंग, पाण्याचा पंप, पीठ मळण्याचं यंत्र यांतलं जे हलवता येईल ते त्यानुसार हलवा. याला एक पैसाही लागत नाही.

बारा महिन्यांचे युनिट एका कागदावर उतरवून घ्या आणि शेजारी त्या महिन्यात किती माल बाहेर पडला ते लिहा. किलो, नग, थाळ्या, जे तुमचं माप असेल ते. एका नगामागे किती युनिट हा आकडा एकदा हाती आला की तो वाढला कधी हे कळतं, आणि का वाढला हे शोधता येतं. नुसतं बिल वाढलं म्हणून काही समजत नाही. दिवाळीच्या ऑर्डरनेही बिल वाढतं.

मोटर जळाली की

आपल्याकडे मोटर जळाली की ती रिवाइंडिंगला जाते. एकदा, दोनदा, पाचदा. 'अजून चालतीय' ही शाबासकी समजली जाते. पाच हॉर्सपॉवरची मोटर पूर्ण भारावर रोज दहा तास, तीनशे दिवस चालली तर वर्षाला तेरा हजारांच्या आसपास युनिट खाते. आठच्या दराने लाखभर रुपये. नव्या मोटरची किंमत याच्या पाव भागही नसते. म्हणजे मोटर ही विकत घेण्याची वस्तू कमी आणि पोसण्याची जास्त.

घाईच्या रिवाइंडिंगमध्ये जुनी तार काढायला गाभा जाळतात. त्या आचेने पातळ पत्र्यांमधलं इन्सुलेशन जातं आणि मोटर तेवढ्याच कामाला कायमची जास्त वीज घेऊ लागते. गरम होते, म्हणून परत जळते. माझा सल्ला साधा आहे. रोज आठ तासांहून जास्त चालणारी मोटर दुसऱ्यांदा जळाली की तिला बांधू नका, तिच्या जागी आयई-३ या जास्त कार्यक्षम दर्जाची घ्या. दिवसातून अर्धा तास चालणारी मोटर खुशाल बांधून घ्या, तिथे नवी घेणं हा पैशाचा अपव्यय आहे. आणि नवी घेताना 'असू दे मोठी' म्हणून साडेसातच्या जागी दहाची घेऊ नका. अर्ध्या भारावर चालणारी मोटर पॉवर फॅक्टरही खाली ओढते.

कंप्रेसरबद्दल आणखी दोन गोष्टी, कारण तिथे पैसा खूप आहे. दाब जेवढा लागतो तेवढाच ठेवा. आठ बारवरून सातवर आणला तर सहा-सात टक्के वीज वाचते, आणि बहुतेक न्यूमॅटिक अवजारांना सहा बार पुरतात. दुसरं, कंप्रेसर भट्टीशेजारी किंवा पत्र्याच्या बंद खोलीत कोंडू नका. आत जाणारी हवा चार अंशांनी तापली की सुमारे एक टक्का वीज जास्त लागते. विदर्भातल्या मे महिन्यात याचा अर्थ काय ते तिथल्या वाचकांना सांगायला नको. आणि संध्याकाळी हवेच्या बंदुकीने अंगावरचा कीस आणि धूळ उडवायची जी सवय आहे, ती महाग तर आहेच, डोळ्याला घातकही आहे. एक झाडू, एक ब्रश.

दिवे आणि पंखे यांवर फार लिहीत नाही. चोक असलेली जुनी ट्यूब पन्नासेक वॅट घेते, एलईडी वीस. साधा छतपंखा पंचाहत्तरच्या आसपास, बीएलडीसी तीसेक. जे दिवसभर चालतं ते आधी बदला. पण बारा पंखे बदलण्याआधी छतात तीन-चार पारदर्शक पत्रे टाका. सकाळी अकरा वाजता दिवे लावून काम करणाऱ्या शेडा मी मोजायचं सोडून दिलं आहे.

खानावळीची गोष्ट वेगळी

स्वयंपाकघरात विजेपेक्षा गॅसचा आणि अन्नाचा खर्च मोठा. तिथे मोजणी आणखी सोपी. एकोणीस किलोचं व्यापारी सिलिंडर लावलं की भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात गोल करा, संपलं की फुली. महिन्याअखेर गल्ल्यावर बसणाऱ्याला विचारा किती थाळ्या गेल्या. एका सिलिंडरमध्ये किती थाळ्या, हा तुमचा आकडा.

तो वाढवायला शास्त्र लागत नाही, घरातल्या आजीची शिस्त लागते. कडधान्यं भिजवलेली असावीत. डाळ-भात कुकरमध्ये, झाकणाशिवाय पातेलं चढवायचं नाही. ज्योत निळी हवी. पिवळी होऊन पातेल्याचं बूड काळं पडत असेल तर बर्नर साफ करा, हवेचं प्रमाण बघा. बुडापेक्षा मोठी ज्योत म्हणजे कडेने खोली तापवणं. सगळ्यांत मोठा चोर मात्र तवा. गिऱ्हाईक येईल तेव्हा तापलेला असावा म्हणून दुपारी तीन ते पाच मोठ्या बर्नरवर रिकामा तवा धगधगत असतो. त्या दोन तासांसाठी एक लहान बर्नर ठेवा.

फ्रीज आणि डीप फ्रीझर भट्टीपासून दूर हवेत, मागची जाळी भिंतीला चिकटलेली नको. दाराचं रबर तपासायला दहा रुपयांची नोट दारात धरून दार लावा. नोट सहज ओढून निघाली तर थंडावाही तसाच निघतो आहे.

आता उष्टं. एक आठवडा तीन बादल्या ठेवा आणि रोज रात्री काट्यावर तोला. एकीत निवडण-सोलण, दुसरीत शिजवलेलं पण न विकलेलं, तिसरीत ताटांतून आलेलं. हा आठवडा मालकाला जे शिकवतो ते कुठल्याही शिबिरात शिकायला मिळत नाही. दुसरी बादली जड असेल तर अंदाज चुकतो आहे, मंगळवारी रविवारएवढा स्वयंपाक होतो आहे. तिसरी जड असेल तर त्यात बहुतेक भात असतो. थाळीत न विचारता वाढलेला भात. 'भात आधी अर्धी मूद, लागेल तसा पुन्हा वाढू' एवढी पद्धत बदलली तरी बादली हलकी होते, आणि गिऱ्हाइकाला कमी मिळालं असंही वाटत नाही. उरलेल्या भाताचं पर्यावरण म्हणजे नुसता कचरा नव्हे. त्यात शेतातलं पाणी आहे, खत आहे, गॅस आहे, आणि पहाटे पाचला उठलेली स्वयंपाकीण आहे.

बायोगॅसचं काय, हे लगेच विचारलं जातं. आपल्याकडे यातलं ज्ञान घरचंच आहे. पुण्याच्या आरती संस्थेच्या, म्हणजे ॲप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटच्या, छोट्या बायोगॅस संयंत्राला २००६ साली ब्रिटनचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. भाभा अणुसंशोधन केंद्राचा 'निसर्गऋण' प्रकल्पही ओल्या कचऱ्यावरच चालतो. तंत्र सिद्ध आहे. पण संयंत्र हे गुरासारखं असतं, त्याला रोज वेळेवर आणि मानवेल असंच खायला घालावं लागतं. भात, पोळी, उकडलेली भाजी त्याला चालते. लिंबाच्या साली, भांड्यांचं साबणाचं पाणी, प्लास्टिकची पुडी गेली की आतले जिवाणू रुसतात, आणि मग टाकी मागच्या अंगणात वास मारत पडते. ज्याच्याकडे ऊन येणारी मोकळी जागा आहे आणि रोज बघणारा एक माणूस आहे, त्यानेच या वाटेला जावं. बाकीच्यांनी ओलं वेगळं ठेवून नगरपालिकेला द्यावं. वेंगुर्ल्याच्या नगरपरिषदेने कचरा अनेक प्रकारांत वेगळा करून आपल्या डेपोचं असं रूप बदललं की लोक तो बघायला जाऊ लागले. पुण्यात 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था दारात येऊन कचरा घेते. वेगळं केलेलं घेणारे आहेत. मिसळलेलं कोणालाच नको असतं.

तळणीच्या तेलाबाबत नियम स्पष्ट आहे, तरी तो अनेकांना माहीत नसतो. तेलातली ध्रुवीय संयुगं पंचवीस टक्क्यांवर गेली की ते तेल अन्नासाठी वापरायचं नाही. तळणीला रोज पन्नास लिटरहून जास्त तेल लागत असेल तर त्याची नोंद ठेवून वापरलेलं तेल अधिकृत संकलकालाच द्यायचं. अन्नसुरक्षा प्राधिकरणाची 'रुको' योजना २०१८ पासून हेच करते, आणि त्या तेलाचं बायोडिझेल होतं. त्याचे पैसेही मिळतात. रात्री कॅन घेऊन येणाऱ्या अनोळखी माणसाला ते विकू नका. ते तेल गाळून पुन्हा कोणाच्या तरी कढईत जातं.

पिशवी, कप आणि 'बायो'चा शिक्का

महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ ला प्लास्टिक आणि थर्माकोलवर बंदीची अधिसूचना काढली. पहिल्या गुन्ह्याला पाच हजार, दुसऱ्याला दहा, तिसऱ्याला पंचवीस हजार दंड आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. केंद्राची एकल-वापर प्लास्टिकची बंदी १ जुलै २०२२ ची. देशात इतरत्र १२० मायक्रॉनच्या पुढची पिशवी चालते हे ऐकून आपल्याकडचे दुकानदार जाड पिशव्या ठेवतात आणि पकडले जातात. महाराष्ट्रात कॅरीबॅग जाड असो की पातळ, बंद आहे.

खरी फसवणूक मात्र पुढे आहे. बाजारात 'बायोडिग्रेडेबल' असं हिरव्या अक्षरात छापलेल्या पिशव्यांचा आणि वाट्यांचा सुळसुळाट आहे. या शब्दाने काहीच सिद्ध होत नाही. कंपोस्ट होणारा माल असेल तर त्यावर आयएस/आयएसओ १७०८८ हे मानक आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा प्रमाणपत्र क्रमांक असायला हवा. विक्रेत्याकडे तो मागा, बिलावर लिहून घ्या. देत नसेल तर माल परत. कागदी कप म्हणजे प्लास्टिक नाही, हाही गैरसमजच. आतल्या अस्तरामुळेच तर चहा गळत नाही.

त्यापेक्षा वस्तू कमी करणंच स्वस्त. चहाच्या टपरीने काचेचे ग्लास आणि गरम पाण्याची बादली परत आणली तर महिन्याचा कपांचा खर्च वाचतो. पार्सल देणाऱ्या खानावळीने रोजच्या गिऱ्हाइकांसाठी स्टीलचा डबा अनामत घेऊन द्यावा. मुंबईच्या डबेवाल्यांच्या राज्यात हे शक्य नाही असं कोणी म्हणू नये. लग्नाकार्यासाठी पळसाच्या पत्रावळी आणि सुपारीच्या विरीच्या ताटल्या आहेत. भाव थोडा जास्त पडतो, तो आधीच दरात धरा आणि गिऱ्हाइकाला सांगून घ्या.

कायदा येण्याआधी

मुंबईच्या पाव-भट्ट्यांचं उदाहरण डोळ्यांपुढे ठेवण्यासारखं आहे. शहराच्या हवेवरच्या याचिकेत मुंबई उच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०२५ ला आदेश दिला: लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्या आणि भट्ट्यांनी सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनाकडे वळावं. अनेक भट्ट्यांत जळतं ते सरपण नसतं, भंगारातलं फर्निचर असतं. रंग, पॉलिश, प्लायचा डिंक, सगळं त्याच धुरात. म्हणजे पहिला बळी भट्टीपुढे उभा असलेला कारागीरच.

बेकरीवाल्यांचं गाऱ्हाणंही खोटं नाही. पिढ्यान्‌पिढ्यांची विटांची भट्टी, जागेची अडचण, गॅसच्या ओव्हनचा खर्च, आणि 'तसा पाव होत नाही' ही धास्ती. पण सहा महिन्यांच्या मुदतीत हे सगळं करणं आणि तीन वर्षांत सावकाश करणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. घाईत घेतलेलं यंत्र महाग पडतं, कारागिराला शिकायला वेळ मिळत नाही. म्हणून तुमच्या धंद्यात धूर, रंगाचं पाणी, ॲसिड किंवा तेलकट गाळ असेल, तर नोटिशीची वाट न बघता आजच एक बॅच दुसऱ्या पद्धतीने करून पाहा. इचलकरंजीच्या रंगाई-धुलाईला प्रदूषित पंचगंगा नदीने जे प्रश्न विचारले, ते उद्या तुमच्या गावचा ओढाही विचारेल.

बॉयलर असलेल्यांसाठी एवढंच सांगतो, मग तो काजू उकडणारा असो की कापड रंगवणारा. वाफेचं परतलेलं गरम पाणी गटारात सोडू नका, पुन्हा बॉयलरला द्या. आत जाणारं पाणी सहा अंशांनी गरम असेल तर एक टक्का इंधन वाचतं. उघड्या पाइपवर हात ठेवता येत नसेल तर तिथे इन्सुलेशन नाही असं समजा.

कागद आणि योजना

उद्यम नोंदणी केली नसेल तर करा. ती ऑनलाइन आणि पूर्णपणे मोफत आहे. तिच्यासाठी पैसे मागणारा माणूस दलाल आहे. १ एप्रिल २०२५ पासून यंत्रसामग्रीत अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि दहा कोटींपर्यंत उलाढाल असलेला उद्योग 'सूक्ष्म' धरला जातो, म्हणजे हा लेख वाचणारे बहुतेक जण. केंद्राच्या 'झेड' म्हणजे 'झीरो डिफेक्ट, झीरो इफेक्ट' प्रमाणपत्रात ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा पायऱ्या आहेत आणि २०२२ पासून त्याच्या शुल्कात सूक्ष्म उद्योगांना ८० टक्के सवलत आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने जुलै २०२५ मध्ये 'अदिती' नावाने ओळखली जाणारी योजना आणली. ठरावीक औद्योगिक समूहांतल्या उद्योगांना कमी वीज खाणारी यंत्रं घेण्यासाठी काढलेल्या कर्जावर तिच्यात व्याजाची सूट मिळते, सूक्ष्म आणि लघू उद्योगांना पाच टक्के. तुमचा समूह त्यात बसतो का हे जिल्हा उद्योग केंद्रात किंवा तुमच्या संघटनेत विचारा. समूह असला की बळ येतं. एकट्याने ओतकामाच्या वाळूचं पुनर्वापर केंद्र उभं राहत नाही, वीस फाउंड्रींनी मिळून राहतं.

ज्यांचा माल मोठ्या कंपनीला किंवा परदेशात जातो, त्यांच्याकडे अलीकडे एक तक्ता येऊ लागला आहे: वीज किती, डिझेल किती, कचरा किती. तो आगाऊपणा नाही. मोठ्या सूचीबद्ध कंपन्यांना सेबीला याचा हिशेब द्यावा लागतो. युरोपने १ जानेवारी २०२६ पासून पोलाद, ॲल्युमिनियम वगैरे मालावर कार्बनचा सीमाकर प्रत्यक्ष लागू केला, आणि त्या यादीत नट-बोल्टही आहेत. घाबरायचं कारण नाही. वर सांगितलेला युनिट आणि मालाचा कागद ठेवला असेल तर तक्ता अर्ध्या तासात भरून होतो. नसेल तर सल्लागार पन्नास हजार घेऊन तुमच्याच बिलांतले आकडे तुम्हाला परत देईल. मी स्वतः सल्लागार असून हे सांगतो आहे.

माणसांचं एक राहिलं. गळती कुठे आहे हे मालकाला माहीत नसतं, झाडणाऱ्या मावशींना माहीत असतं. वाचलेल्या पैशातला काही वाटा कामगारांत वाटा आणि तो कसा काढला ते फळ्यावर लिहा. शिरोलीच्या त्या शेडमध्ये आता तोच हेल्पर दर शनिवारी साबणाचं पाणी घेऊन फिरतो.

आणि मग सोलर

सोलरला माझा विरोध नाही. घाईला आहे. एक किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट सावली नसलेली जागा लागते आणि तो दिवसाला सरासरी चारेक युनिट देतो. आधी गळती बुजवून, मोटरी बदलून वापर तिसऱ्या हिश्श्याने उतरला, तर संचही तेवढा लहान लागतो. शिरोलीत वीस किलोवॅटचा विचार होता, तेरावर भागलं.

घेण्यापूर्वी पत्रा किती जुना आहे ते पाहा. पॅनेल पंचवीस वर्षं टिकतं, खालचा सिमेंटचा पत्रा पाच वर्षांत बदलायचा असेल तर सगळं उतरवून पुन्हा चढवावं लागेल. शेड भाड्याची असेल तर करार किती वर्षांचा, संच कोणाचा, हे लेखी हवं. शेजारी उद्या मजला चढवणार असेल तर सावली पडेल. पॅनेल धुवायला पाणी आणि माणूस कोण देणार? फाउंड्रीजवळ धूळ जास्त बसते. आणि 'पीएम सूर्यघर'च्या ७८ हजारांच्या अनुदानाचं आमिष दाखवून कोणी करार करू पाहत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा. ते अनुदान घरगुती ग्राहकांसाठी आहे, दुकान-कारखान्यासाठी नाही. धंद्याला मिळतो तो आयकरातला घसाऱ्याचा फायदा, तो तुमच्या सीएला विचारा.

ज्यांचं काम वाळवणाचं आहे, म्हणजे पापड, मसाले, कोकम, भाज्या, त्यांनी मात्र सोलरचा विचार आधीही करायला हरकत नाही. तिथे सूर्याची वीज करावी लागत नाही, उष्णता थेट वापरता येते. छत्रपती संभाजीनगरच्या एस४एस टेक्नॉलॉजीजने महिला शेतकऱ्यांबरोबर सौर ड्रायरवर हेच काम उभं केलं आणि २०२३ चा अर्थशॉट पुरस्कार मिळवला.

येत्या सुट्टीच्या दिवशी शेडमध्ये एकटे जा. सगळी मशिनं बंद करा, कंप्रेसर सुरू करा आणि मोबाइलवर स्टॉपवॉच लावा. खानावळ असेल तर उद्या रात्री तीन बादल्या आणि एक तराजू. जो आकडा येईल तो तारखेसह लिहून ठेवा. सोलरच्या दुकानदाराला फोन त्यानंतर करा.